बर्फाच्या शुभ्रतेचें माप

हिम पांढरें असतें ही गोष्ट इतकी सर्वश्रुत आहे कीं, ती सांगण्यासाठीं कोणी आपला वेळ घेईल अशी आपली अपेक्षा नसेल. पण पांढरें म्हणजे किती पांढरें, असा प्रश्न केला कीं घोटाळा सुरू होतो. नुकतेंच धुतलेलें धोतर पांढरें, चुन्याची भिंत पांढरी आणि लिहावयाचा कागदहि पांढराच. परंतु या तिन्ही वस्तु शेजारीं ठेवल्या म्हणजे त्यांत फरक दिसतो, आणि उजेड बदलला कीं तो फरकहि बदलतो. डोळ्याच्या साक्षीवर येथें निकाल देतां येत नाहीं. हिमनद्यांच्या बाबतींत तर हा निकाल नुसत्या कुतूहलाचा विषय नाहीं. हिमनदी उन्हाळ्यांत किती वितळणार हें पुष्कळ अंशीं तिच्या शुभ्रतेवर ठरतें.

हिम आणि बर्फ हे दोन शब्द मी आज निरनिराळ्या अर्थानें वापरणार आहें. आकाशांतून पडलेलें भुसभुशीत तें हिम, आणि तेंच वर्षानुवर्षें दडपलें जाऊन घट्ट झालें म्हणजे बर्फ. ताज्या, कोरड्या हिमावर पडलेल्या सूर्यप्रकाशापैकीं शेंकडा ८० ते ९० भाग तें आकाशाकडे परत फेंकतें. तेंच हिम जुनें व ओलसर झालें म्हणजे हें प्रमाण पन्नास-साठपर्यंत उतरतें. हिम सरून खालचें बर्फ उघडें पडलें म्हणजे तीस-चाळीसवर येतें. आणि त्या बर्फावर धूळमाती सांचली तर विसाच्याहि खालीं जातें. या प्रमाणाला शास्त्रज्ञ आल्बीडो म्हणतात. लॅटिन भाषेंत या शब्दाचा अर्थ शुभ्रता एवढाच आहे.

आतां थोडा हिशेब पाहा. एखाद्या हिमपृष्ठाचा आल्बीडो नव्वदावरून ऐंशीवर आला, तर परत जाणारा प्रकाश नवव्या हिश्शानेंच घटला, म्हणजे फारसें कांहीं बिघडलें नाहीं असें वाटतें. परंतु हिमनदीला वितळवितो तो परत गेलेला प्रकाश नव्हे, आंत राहिलेला. तो अगोदर दहा भाग होता, आतां वीस झाला, म्हणजे दुप्पट! शिवाय हिम वितळूं लागलें कीं त्याचे कण मोठे होतात, कण मोठे झाले कीं शुभ्रता आणखी उतरते, आणि ती उतरली कीं वितळणें वाढतें. सावकाराच्या चक्रवाढ व्याजाचाच हा प्रकार. म्हणून शुभ्रतेंतील लहानशी घटहि अचूक मोजतां आली पाहिजे, आणि ती मोजण्याच्या खटपटीचा इतिहास मी आज आपल्यापुढें मांडणार आहें.

या विषयाचें व्यावहारिक ज्ञान विद्वानांच्या आधीं शेतकऱ्यांना होतें. अठराव्या शतकांत आल्प्स पर्वतांत हिंडणाऱ्या सोस्यूर या जिनीव्हाच्या पंडितानें शामोनीच्या खोऱ्यांतील एक रीत नमूद केली आहे. तेथील लोक वसंतऋतूच्या आरंभीं शेतांवरील हिमावर काळी माती पसरीत, म्हणजे हिम लवकर वितळून पेरणीला जमीन मोकळी होई. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँक्लिन यांनीं तीच गोष्ट प्रयोगानें दाखविली. एका तरुण स्नेहिणीस १७६१ सालीं लिहिलेल्या पत्रांत ते सांगतात कीं, शिंप्याकडील नमुन्याचे निरनिराळ्या रंगांचे कापडाचे तुकडे त्यांनीं स्वच्छ उन्हाच्या सकाळीं हिमावर मांडून ठेवले. कांहीं तासांत काळा तुकडा सर्वांत खोल गेला, इतर रंगांचे तुकडे कमीअधिक खचले, आणि पांढरा जेथल्या तेथें राहिला. प्रयोग इतका साधा कीं घरांतल्या मुलानेंहि करावा. पण हिमनद्यांच्या आजच्या शास्त्राचें बीज त्यांत आहे.

फ्रँक्लिन यांच्या पत्राच्या आदल्याच वर्षीं, १७६० सालीं, योहान हाइनरिख लँबर्ट यांचा 'फोटोमेट्रिआ' हा प्रकाशमापनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. आल्बीडो हा शब्द या शास्त्रांत त्यांनींच आणला. पुढें हा शब्द मुख्यतः ज्योतिर्विदांच्या कामीं आला, कारण चंद्र आणि ग्रह यांना स्वतःचा प्रकाश नसल्यामुळें ते सूर्याचा किती प्रकाश परत पाठवितात हें त्यांना ठरवावें लागे. चंद्राचा उल्लेख येथें केला आहे तो लक्षांत ठेवावा. शेवटीं त्याची गरज पडणार आहे.

यानंतरचा टप्पा ग्रीनलंडचा. स्वीडनच्या वतीनें १८७० सालीं आडोल्फ एरिक नॉर्डेन्शेल्ड तेथील अफाट बर्फावर चढून गेले. त्यांच्याबरोबर स्वेन बेर्ग्रेन हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. बर्फावर त्यांना पाण्यानें भरलेलीं असंख्य गोल भोंकें आढळलीं आणि प्रत्येकाच्या तळाशीं करड्या रंगाची बारीक भुकटी. नॉर्डेन्शेल्ड यांनीं तिला ग्रीक शब्दांवरून क्रायोकोनाइट, म्हणजे बर्फधूळ, असें नांव दिलें. त्याहून नवल म्हणजे उघड्या बर्फावरच वाढणारें एक जांभळट-तपकिरी सूक्ष्म शेवाळ बेर्ग्रेन यांना सांपडलें. त्याच्या शास्त्रीय नांवांत आजहि नॉर्डेन्शेल्ड यांचें नांव आहे. ही काळपट वस्तु बर्फापेक्षां अधिक ऊन शोषते आणि बर्फाच्या नाशाला हातभार लावते, हें त्या दोघांनीं तेव्हांच ओळखलें होतें. त्यांच्याजवळ नव्हतें तें माप.

प्रत्यक्ष माप विसाव्या शतकांत आलें. त्याची योजना दिसण्यांत अगदीं सोपी आहे. सूर्याची उष्णता मोजणारीं दोन सारखीं यंत्रें पाठीला पाठ लावून एका आडव्या दांड्यावर बसवावयाचीं; एकाचें तोंड आकाशाकडे, दुसऱ्याचें जमिनीकडे. खालच्या आंकड्याला वरच्या आंकड्यानें भागलें कीं आल्बीडो मिळाला. हिमपृष्ठावर सूर्याकडून किती उष्णता येते आणि वाऱ्याकडून किती, याचा पद्धतशीर जमाखर्च हाराल्ड स्वेर्ड्रुप यांनीं १९३४ सालीं स्पिट्सबर्गन बेटावर मांडला, आणि तेव्हांपासून हिमनदीच्या अभ्यासांत सूर्यप्रकाशाचें मोजमाप हें मुख्य अंग होऊन बसलें.

परंतु अशीं यंत्रें आपल्या पायाखालचा कांहीं हातांचा तुकडाच पाहतात. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करण्याची रीत आहे, आणि ती भाताच्या बाबतींत खरीहि आहे, कारण एका भांड्यांतलें शीत दुसऱ्या शितासारखेंच शिजतें. हिमनदी तशी नाहीं. तिच्या माथ्यावर ताजें हिम, मधल्या उतारावर जुनें, खालच्या जिभेवर उघडें बर्फ, कडेला माती आणि मध्यें पाण्याचे ओहोळ. शिवाय तेथें पोंचणेंच कठीण. खुंटा बर्फांत रोंवून यंत्र उभें केलें तर भोंवतालचें बर्फ वितळून खुंटा कलतो, आणि यंत्र कललें कीं आंकडाहि कलतो.

म्हणून १९७२ च्या जुलैंत अमेरिकेनें लँडसॅट मालेंतील पहिला उपग्रह सोडला तेव्हां हिमनद्यांच्या अभ्यासकांना मोठी आशा वाटली. १९८४ सालीं गेलेल्या पांचव्या लँडसॅटवरील यंत्र जमिनीचे तीस मीटरांचे चौकोन वेगळे पाहूं शके, आणि प्रत्येक चौकोनाचा उजेड निरनिराळ्या रंगांत, त्यांतहि डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत, टिपून घेई. या उपग्रहानें जवळजवळ एकोणतीस वर्षें काम केलें, ही गोष्ट पुढच्या इतिहासाच्या दृष्टीनें फार मोलाची ठरली.

पण चित्र मिळालें म्हणजे माप मिळालें असें नव्हे. पहिली अडचण अशी कीं हा डोळा शेतें, रानें आणि खडक पाहण्यासाठीं घडविलेला होता. त्याच्या उजेडाच्या पट्टींत पायऱ्या २५६. ताजें हिम समोर आलें कीं कित्येकदां सर्वांत वरची पायरी संपून जाई. जुन्या काळच्या पांच शेरी काट्यावर सात शेर आणि नऊ शेर सारखेच दिसावेत तसें हें झालें. ही उणीव पुढें २०१३ सालच्या आठव्या लँडसॅटनें ४०९६ पायऱ्या देऊन बहुतांशीं दूर केली. दुसरी अडचण हवेची: उपग्रह आणि हिमनदी यांच्या मधल्या हवेंतील धूळ व बाष्प कांहीं प्रकाश गिळतात आणि कांहीं आपल्याच पदरचा मिसळतात. तिसरी उताराची: सूर्याकडे तोंड केलेला उतार उजळ, पाठमोरा काळवंडलेला; म्हणून डोंगराचा उंचसखलपणा अगोदर नकाशावर ठाऊक पाहिजे. चौथी अडचण मला सर्वांत मार्मिक वाटते. हिमावरून प्रकाश सर्व दिशांना सारखा उधळत नाहीं. बर्फावरून तर समोरच्या बाजूला अधिक जातो. उपग्रह मात्र एकाच दिशेनें पाहतो. देवळाच्या एका खिडकींतून दिसलेल्या गर्दीवरून सबंध जत्रेची मोजदाद करण्यासारखें हें काम आहे.

आणि अवरक्त किरणांची गोष्ट तर मनुष्याच्या डोळ्याचा अभिमान उतरविणारी आहे. सूर्याच्या उष्णतेपैकीं जवळजवळ अर्धा भाग आपल्याला दिसतच नाहीं. विस्कोम व वॉरन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९८० सालीं गणितानें दाखविलें कीं, दिसणाऱ्या प्रकाशांत हिमाची शुभ्रता मुख्यतः धूळ-काजळीनें उतरते, पण अवरक्तांत ती कणांच्या आकारानें उतरते. म्हणजे चार दिवसांचें स्वच्छ हिम आपल्याला पूर्वीइतकेंच शुभ्र दिसतें, आणि तरीहि तें पूर्वीपेक्षां अधिक ऊन पीत असतें. उपग्रहाला हें दिसतें. आणखी दूरच्या अवरक्त पट्टींत तर हिम काळेंकुट्ट आणि ढग पांढरा दिसतो, म्हणून एकावर एक असलेले ढग आणि हिम तेथें वेगळे करतां येतात.

या सर्व अडचणींतून वाट काढण्याचा उपाय एकच होता: ज्या दिवशीं उपग्रह वरून जाईल त्याच दिवशीं कोणीतरी खालीं बर्फावर असावयाचें. डॉरोथी हॉल आणि त्यांचे सहकारी यांनीं ग्रीनलंडमधील फोर्बिंडल्स हिमनदीवर असा पडताळा घेऊन तो १९८९ सालीं प्रसिद्ध केला. स्वित्झर्लंडच्या आग्नेय भागांतील मोर्तेराच हिमनदीवर हॉलंडमधील उट्रेख्ट विद्यापीठाचे योहानेस ऊर्लेमान्स यांनीं १९९५ सालीं आपोआप नोंद करणारें एक हवामानकेंद्र उभें केलें. त्याच हिमनदीवरील मोजमापांच्या आधारें लँडसॅटच्या दोनच पट्ट्यांवरून, एक हिरवी व एक अवरक्त, सबंध सूर्यप्रकाशाचा आल्बीडो काढण्याचें सूत्र व्हाउटर क्नाप, कार्लीन रेमर व ऊर्लेमान्स यांनीं १९९९ सालीं दिलें. तें आजहि वापरांत आहे.

याच मोर्तेराचनें पुढें एक धक्कादायक बातमी दिली. जिभेच्या टोंकाजवळील केंद्राच्या बारा वर्षांच्या नोंदी २००९ सालीं प्रसिद्ध झाल्या, तेव्हां असें दिसलें कीं उन्हाळ्यांतील आल्बीडो शेंकडा ३२ वरून १५ वर आला आहे. खनिज धूळ आणि सजीवांपासून झालेला काळपट गाळ तेथें सांचत चालला होता. या एका काळेपणाचा परिणाम, संशोधकांच्या हिशेबानें, हवेचें उष्णमान १.७ अंशांनीं वाढावें इतका होता. आणि २००३ ते २००६ या चार वर्षांत त्यामुळें जवळजवळ साडेतीन मीटर जादा बर्फ वितळलें. साहजिकच प्रश्न उठला: आल्प्सच्या साऱ्याच हिमनद्या अशा काळवंडत आहेत काय? तसें असेल तर पुढील वितळण्याचीं सारींच गणितें अपुरीं ठरणार होतीं.

येथें शीत आणि भात यांचा वाद पुन्हां उभा राहिला, आणि या खेपेला भांड्यांतला सगळा भात पाहतां येण्यासारखा होता. काथ्रिन नेगेली, माथिआस हुस व मार्टिन होल्त्स्ले यांनीं लँडसॅटचीं १९९९ ते २०१६ या काळांतील उन्हाळ्याच्या शेवटचीं पंधरा चित्रें घेऊन स्वित्झर्लंडच्या ३९ मोठ्या हिमनद्यांचें उघडें बर्फ तपासलें. २०१९ सालीं त्यांनीं दिलेला निकाल असा कीं, उघडें बर्फ सर्वत्र काळवंडत असल्याचा स्पष्ट पुरावा नाहीं. कांहीं कांहीं जागीं, विशेषतः खालच्या टोंकांकडे, मात्र तें खरोखर काळें होत आहे. मोर्तेराचची नोंद खोटी नव्हती, पण ती त्या जागेची होती. या अभ्यासांतली एक बारकाई मला फार महत्त्वाची वाटते. हिमाची रेषा वर सरकली कीं पूर्वीं हिमाखालीं झांकलेलें बर्फ उघडें पडतें आणि हिमनदी एकंदरींत काळी दिसूं लागते. परंतु त्यांत बर्फाचा स्वतःचा रंग तिळभरहि बदललेला नसतो. हिम कोठें संपतें आणि बर्फ कोठें सुरू होतें, ही रेषा कशी ओढावी यावरच उत्तर पालटूं शकतें. दोन्ही कारणांनीं बर्फ वितळतें हें खरें. पण एकावर धुळीचा इलाज चालेल आणि दुसऱ्यावर चालणार नाहीं.

आतां ग्रीनलंडकडे परत वळूं. १९९९ च्या डिसेंबरांत सोडलेल्या टेरा या उपग्रहावर मोडिस नांवाचें यंत्र आहे. त्याचा चौकोन लँडसॅटपेक्षां पुष्कळ मोठा, पण तें जवळजवळ रोज सारी पृथ्वी पाहतें. त्याच्या आंकड्यांवरून २००० सालापासून ग्रीनलंडची शुभ्रता सारखी उतरत असल्याचें दिसूं लागलें, आणि २०१२ च्या जुलैंत तर त्या बर्फाच्या शेंकडा ९७ पृष्ठभागावर वितळण्याच्या खुणा उपग्रहांना दिसल्या. त्यामुळें या आंकड्यांकडे साऱ्या जगाचें लक्ष गेलें. चमत्कारिक गोष्ट ही कीं, उंचावरच्या, कधींहि फारशा न वितळणाऱ्या कोरड्या हिमांतहि घट दिसत होती. तेथें काळें करणारें काय आलें? काजळी? वणव्यांची राख? क्रिस पोलाशेन्स्की आणि त्यांचे सहकारी वायव्य ग्रीनलंडमध्यें गेले, हिमांत खड्डे खणले, थरांचे नमुने वितळवून त्यांतील धूळ व काजळी मोजली. वाढ सांपडली नाहीं. २०१५ सालीं त्यांनीं स्पष्ट लिहिलें कीं, कोरड्या हिमांतील ही घट धुळीची नाहीं व काजळीचीहि नाहीं. बराचसा संशय खुद्द टेरावरील यंत्राच्या म्हातारपणावर येतो.

हें म्हातारपण कसें, तें सांगण्यासारखें आहे. मोडिसजवळ आपला डोळा तपासण्यासाठीं एक पांढरी पाटी आहे. तिच्यावर सूर्यप्रकाश पाडून, ती किती उजळ दिसते यावरून यंत्र आपली नजर पारखून घेतें. परंतु अवकाशांतील प्रखर अतिनील किरणांनीं ही पाटी स्वतःच हळूहळू मळत जाते; त्यांत टेरावरील तिचें झांकण २००३ सालीं बिघडल्यामुळें कायमचें उघडें ठेवावें लागलें, आणि पाटीला अधिकच ऊन लागलें. म्हणजे शुभ्रतेचें माप ज्या शुभ्रतेवरून घ्यावयाचें तीच उतरत होती! यंत्राच्या आरशाची झिजहि त्यांत होतीच. उपाय म्हणून हें यंत्र वेळोवेळीं चंद्राकडे पाहतें. चंद्रावर हवा नाहीं, पाऊस नाहीं. त्याचा पृष्ठभाग मनुष्याच्या हिशेबांत बदलत नाहीं. ज्या चंद्रासाठीं ज्योतिर्विदांनीं आल्बीडो शब्द जवळ केला, तोच आज हिमनद्या मोजणाऱ्या यंत्राची कसोटी झाला आहे. या सुधारणा करून सारे आंकडे पुन्हां काढले गेले, आणि २०१७ सालीं किम्बर्ली केसी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोन्ही आवृत्त्या ताडून पाहिल्या. उंचावरच्या कोरड्या हिमांतील घट बहुतेक नाहींशी झाली. खालच्या, उन्हाळ्यांत वितळणाऱ्या पट्ट्यांतील घट मात्र टिकून राहिली.

म्हणजे काळवंडणें खरें होतें, पण सांगितलें गेलें होतें तितकें नव्हतें आणि तेथें नव्हतें. या दुरुस्तीवरून कांहीं लोकांनीं सारेंच मोजमाप अविश्वसनीय ठरविण्याची घाई केली. मला तें मुळींच पटत नाहीं. चूक बाहेरच्या टीकाकारानें नव्हे, हिमांत खड्डे खणणाऱ्या संशोधकांनींच पकडली. पश्चिम ग्रीनलंडच्या कडेचा जो काळपट पट्टा दुरुस्तीनंतरहि उरला, त्याच्या कारणांत आज बर्फावरील शेवाळाची गणना होते. नॉर्डेन्शेल्ड आणि बेर्ग्रेन यांनीं १८७० सालीं पाहिलेलें तें हेंच. स्वतःचें कडक उन्हापासून रक्षण करण्यासाठीं तें गडद रंगद्रव्य तयार करतें, आणि तो रंगच बर्फाला तापवितो.

जमिनीवरच्या पडताळ्याची किंमत कधीं कधीं फार मोठी असते. स्वित्झर्लंडचे कोन्राड स्टेफेन यांनीं १९९० सालीं ग्रीनलंडच्या बर्फावर एक छावणी उभारली आणि पुढें तेथें स्वयंचलित केंद्रांचें जाळें विणलें. उपग्रहांचे आंकडे तपासण्यासाठीं या केंद्रांचा पुष्कळ उपयोग झाला. २०२० च्या ऑगस्टमध्यें त्याच छावणीजवळ बर्फाच्या भेगेंत पडून त्यांचा अंत झाला.

शेवटीं आपल्या हिमालयाविषयीं. तेथील हजारों हिमनद्यांपैकीं प्रत्यक्ष जाऊन मोजलेल्या हाताच्या बोटांवर मोजण्यासारख्या. म्हणून उपग्रहाची गरज येथें सर्वांत अधिक. फ्रेंच संशोधकांनीं आल्प्समधील सँ-सोर्लँ हिमनदीवर दाखविलें होतें कीं, उन्हाळ्यांत सबंध हिमनदीचा सरासरी आल्बीडो ज्या दिवशीं सर्वांत कमी असतो, त्या दिवसाच्या आंकड्यावरून तिचा वर्षाचा जमाखर्च, म्हणजे हिम किती सांठलें आणि किती गेलें, याचा अंदाज बांधतां येतो. हीच रीत फानी ब्रं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१५ सालीं दोन हिमालयीन हिमनद्यांना लावली: हिमाचल प्रदेशांतील चंद्रा नदीच्या खोऱ्यांतली छोटा शिग्री, आणि नेपाळांतील एव्हरेस्ट भागांतली मेरा. छोटा शिग्रीला हिम मिळतें तें मुख्यतः हिंवाळ्यांत. उन्हाळ्याच्या शेवटीं ती सर्वांत काळी होते आणि त्या वेळीं आकाशहि बरेंच मोकळें असतें. तेथें रीत चांगली लागू पडली. मेराचें तसें नाहीं. जो मोसमी पाऊस आपल्या शेतांना जगवितो, तोच तिला ऐन उन्हाळ्यांत हिम देतो. एकाच ऋतूंत हिम पडतें आणि वितळतें, आणि वर ढगांचा पडदा महिनोन् महिने हलत नाहीं. पाऊस सरल्यावर वाऱ्यानें वरचें हिम उडून कांहीं ठिकाणीं जुना पृष्ठभाग पुन्हां उघडा पडतो, तेवढ्या अवसरांत जें दिसेल त्यावर तेथें काम भागवावें लागतें.

छोटा शिग्रीच्या आंकड्यांवर भरंवसा ठेवतां आला याचें कारण आकाशांत नव्हतें. २००२ सालापासून माणसें दरवर्षीं त्या हिमनदीवर चढून, बर्फांत रोंवलेल्या काठ्या किती उघड्या पडल्या तें मोजीत आलीं होतीं. उपग्रहाशीं ताडून पाहण्यासाठीं त्या मोजणीचीं अकरा वर्षें हाताशीं होतीं. मेराच्या बाबतींत अशीं वर्षें सहाच होतीं, आणि म्हणून तिच्याविषयींचा निष्कर्ष त्या संशोधकांनीं स्वतःच कमी खात्रीचा मानला.